गोखल्यांची माफी: प्लेग, करोना आणि सार्वजनिक क्षमेचा प्रश्न

नाशिक जिल्ह्यातील वणी हे दिंडोरी तालुक्यातले बाजाराचे गाव. सप्तशृंगीचा गड खरे म्हणजे शेजारच्या कळवण तालुक्यात येतो, तरी महाराष्ट्राच्या तोंडी ती 'वणीची देवी'च आहे. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत येथे यात्रा भरते, आणि खान्देशातून माणसे उन्हातान्हात पायी चालत येतात. २०२० च्या चैत्रात ही वाट ओस पडली. २०२१ च्या चैत्रातही पडली. त्या वर्षीची रामनवमी २१ एप्रिलला होती. त्याच दिवशी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. यात्रा बंद ठेवणे योग्यच होते असे म्हणणाऱ्याला त्या दिवशी पुरावा शोधायला दूर जावे लागले नसते. परंतु ओटीचे साहित्य, प्रसाद, बांगड्या विकून वर्षाची बेगमी करणारा दुकानदार किंवा नांदुरीहून गडावर गाडी नेणारा चालक यांचे सलग दोन हंगाम बुडाले, हेही तितकेच खरे होते. या दोन सत्यांना एकमेकांशी बोलायला जागा कुठे मिळाली, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

जागा मिळाली ती भांडणाला. राज्यातील प्रार्थनास्थळे मार्च २०२० मध्ये बंद झाली. २९ ऑगस्टला भारतीय जनता पक्षाने ठिकठिकाणी घंटानाद केला, ३१ ऑगस्टला प्रकाश आंबेडकर विठ्ठलमंदिर उघडावे म्हणून पंढरपुरात उतरले, आणि ऑक्टोबरात राज्यपाल भगतसिंग कोश्यारी व मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यात हिंदुत्व आणि 'सेक्युलर' या शब्दावरून पत्रापत्री झाली. दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, दारे उघडली. २०२१ च्या एप्रिलात पुन्हा लागली. ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या मुहूर्तावर, पुन्हा उघडली. पुढे मुखपट्ट्या गेल्या, सरकारे बदलली, भांडणाचे काय झाले ते कोणी विचारले नाही. ते मिटले नाही, निवले मात्र. मिटणे आणि निवणे यांत फरक आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एमिली ऑस्टर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 'द अटलांटिक' मासिकात लिहिले, की साथीच्या काळात आपण सर्वांनीच अज्ञानात निर्णय घेतले. कोणाचे बरोबर ठरले, कोणाचे चुकले. आता एकमेकांना माफ करून पुढे जावे. त्यावर दोन्ही बाजूंनी रान उठले. ज्यांचे आप्त गेले ते म्हणाले, माफ करायला आधी कोणी माफी मागितली आहे काय? ज्यांचे धंदे, शाळा, नोकऱ्या गेल्या तेही नेमके हेच म्हणाले. एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एकच वाक्य बोलू लागली, ही त्या वादातील लक्षणीय गोष्ट आम्हांस वाटते.

मराठीत या व्यवहारासाठी तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'माफी' हा अरबीतून आलेला, महसुली दप्तरात मुरलेला शब्द. सारामाफी, कर्जमाफी यांत तो अजून जिवंत आहे. माफी वरचा खालच्याला देतो. 'दिलगिरी' फारसी, मन खिन्न झाले एवढेच ती सांगते, दोष कोणाचा याबद्दल मौन पाळते, म्हणून पुढाऱ्यांना आणि संपादकांना ती प्रिय असते. 'क्षमा' संस्कृत; क्षमा हे पृथ्वीचेही नाव, त्यामुळे सोसणे त्या शब्दाच्या पोटातच आहे. कोणत्याही पूजेच्या अखेरीस आपण देवीपुढे अपराधांची क्षमा मागतो, आणि त्यात विशेष असे की कोणता अपराध ते सांगावे लागत नाही. सार्वजनिक जीवनात मात्र ते सांगावे लागते. तेथेच सगळे अडते.

अडते कसे, हे पाहायचे तर महाराष्ट्राला करोनापर्यंत यावे लागत नाही. १८९७ साल पुरेसे आहे.

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. वर्ष संपता संपता साथ पुण्यास पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. होय, तोच कायदा, जो १२३ वर्षांनी मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने पुन्हा बाहेर काढला. पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली आणि मार्चपासून गोऱ्या शिपायांकडून घरझडत्या सुरू झाल्या. रोगी शोधायचा, त्याला रुग्णालयात हलवायचे, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत न्यायचे, घर धुवून काढायचे, संशयित सामान जाळायचे. कागदावर ही योजना आजच्या कोणत्याही योजनेसारखीच दिसते.

वाचकांपैकी अनेकांच्या मनात या काळाचे चित्र नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' या १९७९ च्या चित्रपटाने घडवले असेल. त्या चित्रात एक बाजू अत्याचाराची आणि दुसरी प्रतिकाराची, असे स्वच्छ वाटप सहज होते. प्रत्यक्षात टिळकांची भूमिका आरंभी बरीच वेगळी होती. रोग्यांना वेगळे ठेवणे आवश्यक आहे हे त्यांना मान्य होते. लोकांची त्याविरुद्धची भीती दूर व्हावी म्हणून त्यांनी लिहिले. हिंदूंसाठी प्लेगचे स्वतंत्र रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. आणि शहर सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांना धारेवर धरून स्वतः पुण्यात राहिले. त्यांचा विरोध पद्धतीला होता. बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणारे शिपाई, रस्त्यावर होणारी तपासणी, स्त्रियांच्या अब्रूची बेपर्वाई, जाळलेल्या आणि गहाळ झालेल्या वस्तू, तक्रार ऐकून न घेणारा अधिकारी, हे त्या विरोधाचे विषय. याच काळात सावित्रीबाई फुले पुण्याच्या वेशीवर रोग्यांची सेवा करीत होत्या, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात पुण्याच्या प्लेगव्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांविषयी लिहिले, तर गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते लिखाण खोडून काढले. म्हणजे सनातनी, सुधारक, ख्रिस्ती झालेली विदुषी, असे एरवी एका ओळीत न बसणारे लोक या एका प्रश्नावर तक्रार करीत होते.

२२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांचे तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त ज्यांनी वाचले असेल त्यांना हे माहीत आहे, की त्यांच्या रागाची मुळे प्लेगच्या पुष्कळ आधीची होती. प्लेगने त्याला निमित्त आणि नाव दिले. असो. तो विषय मोठा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष आहे त्याच आठवड्यांत लंडनमध्ये असलेल्या एका एकतीस वर्षांच्या प्राध्यापकाकडे.

गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. साक्ष उत्तम झाली होती. पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती आणि त्यांत झडत्यांच्या हकिकती होत्या. दोन स्त्रियांवर शिपायांनी बलात्कार केला आणि त्यांपैकी एकीने नंतर आत्महत्या केली, असेही त्यांत होते. गोखल्यांनी हे जुलैच्या आरंभी 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितले, सर विल्यम वेडरबर्न यांच्या पुढाकाराने पार्लमेंटच्या सदस्यांसमोरही मांडले. रँडवर नुकताच हल्ला झालेला. विलायतेतील मने तापलेली. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबई सरकारकडे विचारणा केली. सरकारने आरोप साफ नाकारला.

जुलैअखेर गोखले मुंबईच्या बंदरात उतरले. आरोप सिद्ध करायला माणसे हवीत, आणि पत्र लिहिणारे मित्र पुढे यायला तयार नाहीत. का नसावेत, हे समजण्यासाठी त्या आठवड्याकडे पाहावे. टिळकांना २७ जुलैला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती; नातू बंधूंना खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले होते; पुण्यावर जादा पोलिसांचा भुर्दंड बसला होता. अशा वेळी 'ते पत्र मी लिहिले' असे म्हणणे म्हणजे काय, हे सांगायला नको. शिवाय बलात्काराच्या आरोपात साक्ष द्यायची ती कोणी? त्या स्त्रीच्या घरच्यांनी? त्या काळच्या पुण्यात? आजच्या पुण्यातही हा प्रश्न विचारून पाहावा.

गोखल्यांनी मित्रांची नावे उघड केली नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली: गव्हर्नरांची, प्लेग कमिटीच्या सदस्यांची, आणि प्लेगच्या कामावरील शिपायांची. टिळकांना जामीन मिळाला तोही याच आठवड्यात, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींकडून. पुढे टिळकांना माफी मागून सुटण्याचा सल्ला हितचिंतकांनी दिला, तो त्यांनी मानला नाही आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. मराठी मनाने ही दोन चित्रे शेजारी शेजारी टांगली आणि निकाल देऊन टाकला. एक झुकला, एक झुकला नाही. गोखले त्या डिसेंबरात अमरावतीच्या काँग्रेसला गेले तेव्हा त्यांच्याविषयीची नाराजी लपलेली नव्हती.

हा निकाल आम्हांला अपुरा वाटतो. टिळकांपुढचा प्रश्न होता, जे लिहिले ते राजद्रोही होते हे कबूल करायचे की नाही. ते त्यांना मान्य नव्हते; माफी मागणे म्हणजे खोटे बोलणे ठरले असते. गोखल्यांपुढचा प्रश्न होता, जे आपण सिद्ध करू शकत नाही असा अतिशय गंभीर आरोप आपण जगापुढे केला, त्याचे काय. दोन्ही प्रसंगांना 'माफी' हा एकच शब्द लावल्याने ते सारखे होत नाहीत. गोखल्यांच्या चरित्रकारांनी, विशेषतः गोविंद तळवलकरांनी 'नेक नामदार गोखले' या पुस्तकात, त्यांची जी सचोटी पुढे आणली आहे ती येथे खरोखर दिसते. मित्रांची नावे सांगून स्वतः मोकळे होणे शक्य होते. ते त्यांनी केले नाही.

तरीही गोखल्यांचे पूर्ण समर्थन आमच्याने होत नाही. त्यांची माफी गरजेपेक्षा मोठी होती. दोन घटना सिद्ध करता येत नाहीत, एवढे म्हणून त्या आरोपापुरते शब्द मागे घेता आले असते. घरांची नासधूस, वस्तूंची चोरी, अपमान, देवघरांची विटंबना या तक्रारी काही त्यांनी एकट्यानेच ऐकलेल्या नव्हत्या. शहरच्या शहर त्या करीत होते. सरसकट शिपायांची माफी मागताना या तक्रारींवरही बोळा फिरला. सरकारला तेच हवे होते. ज्याच्यावर आरोप त्यानेच तो नाकारायचा, स्वतंत्र चौकशी करायची नाही, आणि साक्षीदार भीतीने गप्प बसले की त्या गप्प बसण्यालाच निर्दोषत्वाचा पुरावा म्हणायचे, ही पद्धत गोखल्यांच्या माफीमुळे सुकर झाली. सर्वांत वाईट म्हणजे ज्या स्त्रियांविषयी हा सारा वाद चालला त्या त्यातून नाहीशाच झाल्या. वाद राहिला तो गोखल्यांच्या धैर्याचा, टिळकांच्या बाण्याचा, सँडहर्स्टच्या प्रतिष्ठेचा. आमच्या इतिहासलेखनानेही त्यांना परत आणलेले नाही.

गोखल्यांनी स्वतः पुढे जे केले ते शब्दांपेक्षा बोलके आहे. पुण्यात साथ पुन्हा उसळली तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून प्लेगच्या कामात उतरले, घरोघर गेले, आणि ज्या सरकारने त्यांना नमवले होते त्याच सरकारने या कामाची वाखाणणी केली. टिळकांशी त्यांचे वितुष्ट मात्र प्लेगच्या आधीपासूनचे होते आणि शेवटपर्यंत टिकले. १९१५ च्या आरंभी काँग्रेसमधील पुनःप्रवेशावरून ते टोकाला गेले होते. १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले वारले. टिळक सिंहगडावर होते. ते खाली आले, आणि स्मशानात बोलताना त्यांनी गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा आणि महाराष्ट्राचे रत्न म्हटले. याला क्षमा म्हणावे का? आम्हांला वाटते, म्हणू नये. मतभेद एका शब्दाने कमी न करता माणसाचे मोल मान्य करणे ही क्षमेहून वेगळी गोष्ट आहे, आणि कदाचित अधिक दुर्मिळ.

सरकारचे काय? सरकारने माफी मागितली नाही. धोरण मात्र बदलले. जानेवारी १८९८ मध्ये नाशिक जिल्ह्यातच सिन्नरला प्लेगच्या उपायांविरुद्ध दंगा झाला. मार्चमध्ये मुंबईत झाला. त्यानंतर सक्ती हळूहळू सैल झाली, झडत्यांत लष्कराऐवजी गावचे लोक घेतले जाऊ लागले, लोकांना आपण होऊन गावाबाहेर झोपड्यांत राहू देण्यावर भर आला. चूक झाली होती असे कोठेही न लिहिता चूक दुरुस्त करण्याची ही शासकीय कला आहे. तिच्यावर हसू नये. तिच्यामुळे माणसांचे हाल कमी झाले. पण ज्यांचे हाल आधीच होऊन गेले त्यांच्या पदरात तिने काही टाकले नाही.

येथे अज्ञानाचा मुद्दा विचारात घेतला पाहिजे, कारण ऑस्टरबाईंचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसात येतो हे सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ साली, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी दहाएक वर्षे गेली. म्हणजे १८९७ मध्ये भिंती धुणे, जमिनी उकरणे, गाद्या जाळणे यांतले बरेचसे अंधारात मारलेले तीर होते. या चुकीबद्दल रँडला दोष देता येणार नाही, जसा २०२० च्या उन्हाळ्यात भाजीच्या पिशव्या साबणाने धुणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही देता येणार नाही. परंतु देवघरात बूट घालून शिरणे हे जंतुशास्त्राच्या अज्ञानातून आले नव्हते. मार्च २०२० मध्ये बरेलीला गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारले गेले, त्यामागेही विज्ञानाची उणीव हे खरे कारण नव्हते. सोसायटीत परिचारिकेला घर नाकारणाऱ्या शेजाऱ्याच्या मनात भीती होती हे समजून घेता येईल. तिला दोन वाक्ये नीट बोलायला लस यायची वाट पाहावी लागत नव्हती. अज्ञान माफ करावे. अपमानाची रक्कम त्याच खात्यात जमा करू नये.

उलट बाजूचेही एक उदाहरण मुंबईनेच दिले आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी ही लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली आणि ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांचे पद गेले. दोष जागेवर बाटली उघडताना झालेल्या हयगयीचा असावा, हे रोनल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून जाहीरपणे मांडले तेव्हा १९०७ साल उजाडले होते. मग सरकारने त्यांना कलकत्त्यास काम दिले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. आपल्याकडे सरकारला चूक कबूल करायची असली की ते इमारतीला नाव देते.

आणि आता आपल्या काळाकडे. टाळेबंदीत भारतीय दंडविधानाच्या कलम १८८ खाली महाराष्ट्रात गुन्ह्यांचे ढीग नोंदले गेले: रस्त्यावर आला, दुकान उघडले, चारजण जमले. मार्च २०२२ मध्ये गृहमंत्री दिलीप वळसे-पाटील यांनी विद्यार्थी आणि नागरिकांवरचे असे गुन्हे मागे घेण्याचे जाहीर केले. ही शब्दशः माफी होती, सारामाफीच्या जातीची. वरून खाली आलेली. सरकारने लोकांना माफ केले. लोकांनी सरकारला काय माफ करायचे, हे विचारण्याचा नमुना अर्ज अजून कोणत्याही कचेरीत मिळत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते पायी का निघाले होते, याचे उत्तर अपघाताच्या चौकशीत सापडण्यासारखे नाही.

एका जागी मात्र जाहीर शब्द उच्चारला गेला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले, आणि संकटकाळी सरकार बळीचे बकरे शोधते व यांना तसे निवडले असावे, असे निकालपत्रात नोंदवले. माध्यमांच्या प्रचारावरही ताशेरे ओढले. न्यायालय कोणाच्या वतीने माफी मागत नसते. घडले ते काय होते, एवढे ते नाव घेऊन सांगते. १८९७ च्या पुण्यात हे सांगणारे कोणी नव्हते, म्हणून एका प्राध्यापकाला ऐकीव पत्रांवर विसंबून ते सांगावे लागले. मार्च-एप्रिल २०२० मध्ये ज्या वर्तमानपत्रांनी जमातीच्या बातम्या पहिल्या पानावर आठ-आठ दिवस चालवल्या, त्यांतल्या अनेकांनी हा निकाल आतल्या पानावर, एका दिवसापुरता छापला.